हक्कसोडपत्राची भाषा : चाकण–पिंपरी पट्ट्यातील एका दस्तप्रकाराची चिकित्सा

रूढी आणि स्त्रियांचे अधिकार यांच्या विरोधाची चर्चा निघाली की उदाहरणे बहुधा आफ्रिकेतील समाजांची दिली जातात. तेथे रूढीला कायद्याचे स्थान आहे, आपल्याकडे मात्र संहिता झाली आणि रूढी मागे पडली, अशी समजूत या चर्चेच्या मुळाशी असते. कायद्याची पुस्तके उघडून पाहिल्यास ही समजूत खरी ठरते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जे दस्त नोंदले जातात ते उघडून पाहिल्यास मात्र ती तितकीशी टिकत नाही. विवाहित बहीण वडिलोपार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देते आणि तसा दस्त रीतसर नोंदवते. या दस्ताला ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात. महाराष्ट्रातील क्वचितच एखादे शेतकरी कुटुंब या दस्ताशी अपरिचित असेल. त्याचा विचार आजवर कायद्याच्या आणि अर्थकारणाच्या बाजूंनी झाला आहे. एक संहिता म्हणून, म्हणजे तिच्यात कोण बोलते, कोणते क्रियापद कोणाच्या वाट्याला येते आणि काय बोलायचे राहून जाते या अंगाने, तो फारसा झालेला नाही. येथे तोच करावयाचा आहे.

त्यासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा विशेष उपयोगी आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला; १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडी, आकुर्डी, चिखली, भोसरी या बाजूंच्या शेतजमिनी संपादनाखाली आल्या; पुढे म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, वासुली, सावरदरी ही खेड तालुक्यातील गावे चाकण औद्योगिक क्षेत्रात ओढली गेली. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण दोन पिढ्यांच्या आत मोटारींच्या कारखान्यांचे गाव झाले. जी जिराईत जमीन घरातल्या माणसांना पुरेशी बाजरी देईल की नाही याची भ्रांत होती, तिचा हिशेब गुंठ्यांत आणि लाखांत होऊ लागला. रूढी जुनीच राहिली, पण ती ज्या वस्तूवर चालत होती त्या वस्तूचे मोल पालटले. अशा ठिकाणी रूढीचा खरा घाट दिसून येतो.

प्रथम ‘रूढी’ म्हणून जे सांगितले जाते त्याचा थोडा शोध घेतला पाहिजे. ‘आपल्यात बहिणी वाटा घेत नाहीत’ हे वाक्य या भागात एखाद्या सनातन नियमासारखे उच्चारले जाते. परंतु पश्चिम महाराष्ट्राचा धर्मशास्त्रीय वारसा इतका एकसुरी नव्हता. व्यवहारमयूखाला मानणाऱ्या मुंबई इलाख्यात, पुत्र नसलेल्या बापाची मिळकत मुलीकडे आली तर ती तिच्या पूर्ण मालकीची होत असे. अन्य प्रांतांत तिला केवळ हयातीपुरता मर्यादित हक्क होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८६ मध्ये भागीरथीबाई विरुद्ध कान्हूजीराव या दाव्यात हे तत्त्व पक्के केले. बहिणीलाही वारसांत या इलाख्यात जे स्थान होते ते इतरत्र सहसा नव्हते. अर्थात पुत्र असता मुलीला वाटा नव्हता, हे खरेच आहे. पण ‘जमीन स्त्रीच्या हाती जातच नाही’ असा जो व्यापक अर्थ आज रूढीला दिला जातो, तो या प्रांताच्या जुन्या व्यवहाराला धरून नाही.

रूढी लिहून काढण्याचा मोठा प्रयत्न याच भागात झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या कायद्या-रिवाजांचा संग्रह तयार केला. तो १८२७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनने कायद्याच्या अभावी देशातील वहिवाट पाहावी असे दिवाणी न्यायालयांना सांगितले. स्टीलची पद्धत शास्त्र्यांना आणि जातींच्या प्रमुखांना प्रश्न विचारून उत्तरे टिपण्याची होती. पाट, काडीमोड, दत्तक, वाटणी यांविषयीची ही उत्तरे अमोल आहेत. परंतु ती देणारे सर्व पुरुष होते, आणि प्रश्नांचा साचा न्यायालयाच्या गरजेचा होता. ‘बहिणीस काय मिळते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर येऊ शकते. ‘बहीण माहेरी आल्यास तिचे काय काय केले पाहिजे?’ हा प्रश्न दाव्यात येण्याजोगा नसल्याने विचारलाच जात नाही. त्यामुळे रूढीचा अर्धा भाग, म्हणजे हक्काचा भाग, कागदावर उतरतो. कर्तव्याचा भाग लोकांच्या वागण्यात राहतो आणि वागणे बदलले की नाहीसा होतो.

येथे एका मराठी शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘वहिवाट’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: एक रीत, परिपाठ, दुसरा जमिनीचा प्रत्यक्ष ताबा व उपभोग. ‘ही आमची वहिवाट आहे’ आणि ‘ही जमीन आमच्या वहिवाटीस आहे’ ही दोन्ही वाक्ये सारखीच स्वाभाविक वाटतात. हा केवळ योगायोग नव्हे. ज्याच्या हाती जमीन, त्याची रीत ती गावाची रीत, असा एक व्यवहार या शब्दात गोठला आहे. सासरी गेलेल्या मुलीची जमिनीवर वहिवाट नसते. म्हणून वहिवाट काय आहे हे सांगण्याचा अधिकारही तिच्याकडे येत नाही.

महसुली दप्तरातही हेच दिसते. बाप वारला की वारसनोंद होते. पूर्वी बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर या शिक्क्यानिशी लागे; बहिणींची नावे लागलीच तर ती कब्जेदाराच्या रकान्यात न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात लागत, जेथे एरवी कर्जाचा बोजा, विहिरीचा हिस्सा किंवा कुळाचे नाव लिहिले जाते. बहिणीचे नाव बोज्याच्या शेजारी लिहिणारा तलाठी दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. त्याला जे सांगितले ते त्याने लिहिले. दप्तराची भाषा मात्र स्पष्ट आहे: बहीण ही जमिनीची धनी नसून जमिनीवरील एक भार आहे.

कायदा मात्र पुढे सरकत गेला. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा मिळाला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मसिद्ध हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो अपवादही गेला, आणि त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात निश्चित केले. आज कायद्याच्या दृष्टीने म्हाळुंग्यातील शेतकऱ्याची मुलगी त्याच्या मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे.

येथून एक विलक्षण गोष्ट घडते. जिचे नाव दप्तरात कोपऱ्यात होते ती बहीण एकाएकी सर्वांना हवी होते. जमीन घेणाऱ्याचा वकील शोध अहवाल काढतो, आजोबापासूनची वंशावळ मागवतो आणि विचारतो, ‘बहिणींच्या सह्या कोठे आहेत?’ तिची सही नसेल तर व्यवहाराला खोट राहते. अशा रीतीने भांडवलाने बहिणीला कागदावर परत आणले. पण आणले ते सही करून निघून जाण्यासाठी. लोकांच्या तोंडी यासाठी जो प्रयोग आहे तो पाहण्याजोगा आहे: ‘बहिणींनी सह्या दिल्या.’ वाटा दिला असे कोणी म्हणत नाही. जे दिले जाते त्याचे नाव वाक्यातून गळते आणि उरते ती केवळ हाताची खूण.

आता दस्ताच्या मजकुराकडे वळावे. हक्कसोडपत्राचा साचा जिल्ह्याजिल्ह्यांत थोडाफार बदलतो, सांगाडा एकच. आरंभी दोन पक्ष: भाऊ ‘लिहून घेणार’, बहीण ‘लिहून देणार’. मग ‘कारणे लिहून देते ऐसा जे’ हे जुन्या कारकुनी मराठीतील वळण, जे मोडी लिपी गेली तरी गेले नाही. नंतर मिळकतीचे वर्णन, गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. त्यानंतर कथन: वडील अमुक साली मयत झाले, लिहून देणार यांचा विवाह झाला असून त्या सासरी सुखाने नांदत आहेत, त्यांना सदर मिळकतीची आवश्यकता नाही, सबब त्या आपला हक्क राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला, भावावरील नैसर्गिक प्रेमापोटी कायमचा सोडून देत आहेत. काही लेखनिक ‘कोणतीही नशापाणी न करता’ हे शब्दही घालतात. साठी ओलांडलेली वारकरी घरातली बाई आपण नशेत नसल्याची ग्वाही देते, यातील विनोद लेखनिकाच्या लक्षात येत नसावा.

या मजकुरातील क्रियापदांचा हिशेब मांडला तर दस्ताचे मर्म हाती येते. मराठी व्यवहारात मुलगी बहुतेक वेळा कर्म असते. ‘तिला चाकणात दिली’, ‘त्यांची मुलगी आम्ही करून घेतली’, ‘तिला माहेरी आणली’, ‘सासरी पोचवली’. देणारा बाप, घेणारे सासरे, आणणारा मुराळी. ती स्वतः वाक्याची कर्ती क्वचितच होते. हक्कसोडपत्रात ती निर्विवाद कर्ती होते. बाप, नवरा, भाऊ यांपैकी कोणीही तिच्या वतीने बोलत नाही. ती स्वतः ‘लिहून देते’. कायद्याने तिला व्यक्ती मानल्याचा हा थेट परिणाम आहे, आणि तो क्षुल्लक नाही. पण हे कर्तेपण तिला ज्या क्रियापदांसाठी मिळते ती अशी: देणे, सोडणे, कबूल करणे, हरकत न घेणे. मिळणे, घेणे, ठेवणे यांपैकी एकही क्रियापद तिच्या वाट्याला येत नाही. ‘सासरी सुखाने नांदत आहे’ हे वाक्य तर अधिकच बोलके आहे. वारसाहक्काशी त्या सुखाचा कायद्याने कसलाही संबंध नाही. भाऊ सुखी आहे की दुःखी हे कोणी लिहीत नाही. तरीही ते वाक्य हटत नाही, कारण बहिणीचा वाटा गरजेपुरता असतो, हक्काचा नसतो, ही रूढीची मूळ कल्पना त्याच वाक्याने दस्तात शिरते.

आणि या मजकुरात जे नाही ते आहे त्याहून महत्त्वाचे आहे. बहिणीचा हिस्सा किती आणि आज त्याचे मोल किती, हे कथनभागात तिला कळेल अशा शब्दांत बहुधा लिहिलेले नसते. आणि त्याच्या बदल्यात भावाने काय करावयाचे आहे, हे तर मुळीच नसते.

वस्तुतः रूढी एकतर्फी नव्हती. बहिणीने वाटा न मागणे आणि माहेराने तिला आयुष्यभर धरून राहणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. दिवाळीला मुराळी पाठवणे, पहिले बाळंतपण माहेरी करणे, चोळीबांगडी, भाच्यांच्या लग्नातला मामाचा आहेर, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सासरी न पटल्यास किंवा नवरा गेल्यास परतून येण्याचे दार. मावळ-मुळशीच्या जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी केला, त्यात भावाविषयीच्या ओव्यांना मोठे स्थान आहे. त्या ओव्यांतील बहीण जमीन मागत नाही. ती येण्याजाण्याचा, मानाचा, दाराचा हक्क सांगते आणि भावजय तो नाकारील की काय याची धास्तीही बोलून दाखवते. ज्या बाईचा आवाज दस्तात ‘सोडते’ एवढाच ऐकू येतो, तिचाच आवाज ओवीत करारातील दुसरी बाजू स्वच्छ मांडतो. ओवी न्यायालयात दाखल होत नाही, हा वेगळा भाग.

बीना अगरवाल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातील स्त्रियांच्या भूमिहक्काची जी मीमांसा केली, तिच्यात बहिणी हक्क सोडतात त्यामागे भावाच्या आधाराची अपेक्षा असते हे नीट दाखवले आहे. ही मीमांसा बहिणीला अजाण मानत नाही, हा तिचा मोठा गुण. हक्क सोडणाऱ्या स्त्रीला रूढीने भुलवले आहे असे म्हणणाऱ्या सुधारकी लिखाणापेक्षा ती पुष्कळ वरच्या पायरीची आहे. कारण वाटा मागून माहेर गमावणे आणि वाटा सोडून माहेर राखणे यांतील निवड करणारी बाई आपले हित ओळखूनच निवड करत असते. मात्र या मीमांसेत एक दुवा अधिक स्पष्ट व्हावयास हवा होता. अपेक्षा ही अपेक्षाच राहते आणि त्याग मात्र नोंदणीकृत होतो. जोवर दोन्ही गोष्टी तोंडी होत्या तोवर त्यांना एकच बळ होते. भावाने दार लावले तर बहीणही वाट्याची गोष्ट काढू शकत होती. एक बाजू दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याने पक्की झाली आणि दुसरी हवेतच राहिली, तेव्हा करार मोडला. तो मोडला रूढीने नव्हे, दस्ताने. शासनाचाही यात हातभार आहे: वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क भावाच्या नावे सोडण्याच्या दस्ताला मुद्रांकशुल्क नाममात्र ठेवले आहे. कुटुंबातील व्यवहार सुलभ व्हावा हा हेतू असेल; परिणाम असा की कोट्यवधींच्या जमिनीतील हिस्सा सोडण्याचा कागद चार-दोन नोटांत होतो.

आता आफ्रिकेच्या उदाहरणाकडे परत जाता येईल, कारण तुलना नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. टांगानिकात हान्स कोरी याने हार्टनॉलसह १९४५ मध्ये हाया लोकांच्या रूढींची संहिता प्रसिद्ध केली. स्टीलच्या कामाशी तिचे साम्य उघड आहे. कुळाची जमीन स्त्रीने हयातीत उपभोगावी, विकू नये, असा नियम त्या परंपरेतून १९६३ च्या सरकारी आदेशात उतरला. एका हाया स्त्रीने बापाकडून मृत्युपत्राने आलेली अशी जमीन विकली तेव्हा पुतण्याने दावा केला. १९९० मध्ये मुवान्झा येथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्वालुसान्या यांनी तो नियम घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवून स्त्रीला पुरुषाइतकाच विक्रीचा अधिकार दिला. रूढी नियमाच्या रूपात लिहिलेली होती, म्हणून न्यायालयाला तिच्यावर बोट ठेवता आले. चाकणच्या बहिणीच्या बाबतीत बोट कोठे ठेवणार? कायदा तिच्या बाजूचा आहे, आणि दस्त तिच्या ‘राजीखुशी’चा आहे. दडपण वा फसवणूक सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येतो, आणि ‘नैसर्गिक प्रेम’ हे दडपण कसे ठरावे?

याहून जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. खायेलित्शा येथील दोन अज्ञान मुलींचे वडील वारले. ज्येष्ठ पुरुषाला वारस मानणाऱ्या रूढीप्रमाणे त्यांचे घर मुलींच्या आजोबांकडे गेले. १५ ऑक्टोबर २००४ रोजी तेथील घटनान्यायालयाने हा नियम रद्द केला. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती लांगा यांनी जे निरीक्षण केले ते या लेखाच्या विषयाला तंतोतंत लागू पडते. मूळ रूढीत वारसाला मिळकत मिळे ती मृताच्या आश्रितांना पोसण्याच्या जबाबदारीसह. कुटुंबाचा घाट बदलला, वारसाला मिळकत तेवढी मिळत राहिली, जबाबदारी मात्र बजावून घेण्याजोगी राहिली नाही. रूढीचे जे रूप न्यायालयांनी आणि सरकारी दप्तरांनी जपले ते हे अर्धे रूप होते. त्याच खटल्यात न्यायमूर्ती एन्गकोबो यांचे मत भिन्न होते: रूढी रद्द न करता ती बदलत्या जीवनाप्रमाणे विकसित करावी, असे त्यांना वाटले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मतभेद निकालापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे.

कारण हक्कसोडपत्रावर बंदी घालावी असे म्हणणे सोपे असले तरी ते बहिणीच्या कर्तेपणावरच बंदी घालण्यासारखे होईल. आपली मिळकत भावाला द्यावी असे खरोखरच वाटणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. प्रश्न दस्ताच्या मजकुराचा आहे. बहिणीचा हिस्सा गुंठ्यांत आणि त्याचे त्या वर्षीच्या शीघ्रसिद्धगणकाप्रमाणे होणारे मोल अक्षरी व अंकी लिहावे. ‘सासरी सुखाने नांदत आहे’ हे असंबद्ध कथन गाळावे. आणि भाऊ ज्या गोष्टी तोंडी कबूल करतो, म्हणजे राहण्याची खोली, वार्षिक धान्य, जमीन विकली गेल्यास रकमेतील अमुक अंश, त्या ‘लिहून घेणार’ यानेही लिहून द्याव्यात. हे काहीही अपूर्व नाही. वाटणीपत्रात भाऊ भाऊ एकमेकांना असे लिहून देतच असतात. आईच्या पोटगीची आणि राहत्या घराची तरतूद वाटणीपत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. बहिणीच्या बाबतीत मात्र असे लिहिणे ‘प्रेमाला किंमत लावणे’ वाटते. प्रेमाची किंमत दस्तात आधीच लागलेली असते. ती एका बाजूने वसूल झालेली असते एवढेच.

नाणेकरवाडी-खराबवाडीच्या बोलण्यात आज दोन वाक्ये ऐकू येतात. ‘भावांनी वाटण्या केल्या’ हे एक, आणि ‘बहिणीने वाटा मागितला’ हे दुसरे. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत घडते एकच: सहहिस्सेदाराने आपला हिस्सा वेगळा करून घेतला. बोलीत मात्र भावाला ‘करणे’ आणि बहिणीला ‘मागणे’ हे क्रियापद मिळते, आणि ‘मागितला’ म्हणताना स्वर किंचित उतरतो. तलाठ्याच्या रकान्यात बहिणीचे नाव ‘इतर हक्क’ मधून कब्जेदाराच्या ओळीत येण्यास १९५६ पासून २००५ पर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे लागली. बोलीतील हा रकाना अजून बदललेला नाही.